गोळी सोडू नका, पुडी लपवू नका

इंडियन मेडिकल असोसिएशनची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सोमवारी, ११ ऑगस्ट २०२५ ला, निकाली काढली आणि औषध नियमावलीतील नियम १७० चा शेवटचा आधारही गेला. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याला ती दाखवा, मंजुरीचा क्रमांक घ्या आणि मग छापा, एवढेच हा नियम सांगत होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो आला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र धाडले की या नियमाखाली कारवाई करू नका. १ जुलै २०२४ ला मंत्रालयाने तो नियमावलीतून वगळूनच टाकला. त्यावर न्यायालयाने दिलेली स्थगिती वर्षभर टिकली, आता तीही संपली. जो नियम केंद्राने काढून टाकला तो राज्यांनी राबवायचा कसा, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने रास्त आहे. आमचा राग न्यायालयावर नाही. लोकांच्या जिवाशी संबंध असलेला एवढा साधा नियम ज्यांना नकोसा झाला, त्या मंत्रालयावर आहे.

दिल्लीतल्या या निकालाचा अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध थेट आहे. सोयाबीनच्या फवारण्या चालू असतात, पोळा तोंडावर आलेला असतो, हातात पैसा नसतो आणि मजुरी बुडवून दवाखान्यात जायला सवड नसते. अशा दिवसांत उपकेंद्रातून बीपी-शुगरच्या गोळ्या नेणारी साठीची बाई मुलाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाहते. एक महिन्याचा कोर्स, शुगर मुळासकट जाणार, इंग्रजी गोळ्या कायमच्या सुटणार. बाजाराच्या दिवशी तसलाच डबा किंवा कागदात बांधलेली पुडी मिळते. ती पुडी सुरू होते आणि फुकट मिळणारी मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन कोनाड्यात पडून राहते. आशाताईंनी विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘मले आता बरं वाटते, मंग गोळी काहून खाऊ?’

बरे वाटतेच. रक्तदाब दुखत नाही, साखरही दुखत नाही. त्रास होत नाही म्हणजे रोग गेला, असे माणसाला वाटणे स्वाभाविक आहे आणि जाहिरातदाराचा सगळा धंदा या एका समजावर उभा आहे. मग एखाद्या पहाटे तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, १०८ ला फोन जातो आणि गाडी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाकडे धावते. लकवा झालेल्या बाईच्या पिशवीतली पुडी तिथे कुणी पाहत नाही. त्या पुडीवर ना नाव असते, ना परवाना क्रमांक, ना आत काय आहे याचा पत्ता.

हा अग्रलेख आयुर्वेदाच्या विरोधात आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी चरकसंहिता उघडावी. प्रमेहाचे वीस प्रकार तिथे सांगितले आहेत आणि त्यातल्या वातज प्रमेहांना, म्हणजे ज्यांत मधुमेह मोडतो त्यांना, असाध्य म्हटले आहे. ज्या चरकाचे नाव घेऊन डबे विकले जातात, त्याने असले आश्वासन कधी दिले नव्हते. आयुर्वेदाची खरी बदनामी हे जाहिरातदार करत आहेत, आणि अमरावतीच्या विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या राधाकिसन तोष्णीवाल महाविद्यालयात साडेपाच वर्षे घासून वैद्य झालेल्या मुलामुलींनी सगळ्यात आधी त्यांच्याविरुद्ध बोलायला हवे.

आयुर्वेदाचे औषध आधुनिक उपचारांच्या कसोटीवर कसे पारखायचे, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल, शल्लकी, आवळा यांची औषधे एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसरीकडे. चोवीस आठवड्यांनंतर गुडघ्याचे दुखणे कमी करण्यात आयुर्वेदिक औषधे त्यांच्या बरोबरीने उतरली. पण आमच्या दृष्टीने त्या अभ्यासातली मोलाची गोष्ट दुसरीच आहे. आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताचा एसजीपीटी हा आकडा वाढलेला दिसला. रुग्णांना काहीही त्रास नव्हता. औषध थांबवले, आकडा खाली आला. रक्त तपासले म्हणून कळले. नांदगावच्या बाजारातून पुडी नेणाऱ्या बाईचे रक्त कोण तपासतो?

गुळवेलीचीच पुढची कथा कोरोनाच्या काळातली. ‘प्रतिकारशक्ती’ म्हणून घरोघर तिचा काढा उकळला गेला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईत डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. पुढे २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. मंत्रालयाने काय केले? वनस्पती ओळखण्यातच चूक झाली असेल, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल असेल, अशी शंका घेतली. समजा तसे असले, तरी बाजारात गुळवेल म्हणून दुसरीच वेल विकली जाते हे मंत्रालयाने कबूल केले ना? मग ती विक्री थांबवायची कुणी?

‘झाडपाल्याचं आहे, काही अपाय होत नाही’ हे वाक्य वऱ्हाडात रोज कानावर पडते. निकालाच्या दिवशी श्रावणी सोमवार होता, खंडेश्वराच्या देवळात रांग होती, घरोघर उपवास होते. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी, त्यावर कारल्याचा रस किंवा गुडमारचे चूर्ण आणि पोटात फक्त भगर. अशी साखर इतकी खाली येऊ शकते की दुपारी घाम सुटून माणूस कोसळतो. अपचनाला घरात लवणभास्कर असतेच. त्यात मीठ किती आहे, हे रक्तदाबाच्या रुग्णाला कुणी सांगत नाही. खोकल्याला चघळलेले ज्येष्ठमध रोज आणि भरपूर गेले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. अश्वगंधेने थायरॉइड वाढू शकते. आसव-अरिष्टांत गूळ असतो आणि आंबवण्यातून आपोआप तयार झालेले मद्यही असते. इसबगोल गोळीबरोबरच घेतला तर गोळी अंगात नीट उतरत नाही, दोन्हींत अंतर ठेवावे लागते. यातली एकही वस्तू वाईट नाही. ती कुणी, किती, कशासोबत घेतली यावर सगळे ठरते, आणि ते ठरवणाऱ्याला रुग्ण आणखी काय घेतो हे माहीत असावे लागते.

सांधेदुखीच्या पुडीचे मात्र वेगळे आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक लागली, चेहरा भरला, म्हातारा पुन्हा वावरात गेला, तर ती पुडी जडीबुटीची नसण्याचीच शक्यता जास्त. असल्या भुकटीत स्टेरॉइड मिसळण्याचा प्रकार औषध प्रशासनाला नवा नाही. तेच स्टेरॉइड साखर भडकवते, हाडे पोकळ करते. महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केले तर जीव धोक्यात येतो. म्हणून पुडी सुरू करणे जितके जोखमीचे, तितकेच ती गुपचूप बंद करणेही. डॉक्टरांना सांगूनच सोडायची.

आणि भस्मे. पारा, हिंगुळ, सोमल, बचनाग, कुचला यांची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा छापण्याची सक्ती औषध नियमावलीत आहे; त्यांची यादी अनुसूची ‘ई-१’ मध्ये आहे. पुडीवर इशारा छापणार कोण? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की पारायुक्त पारंपरिक औषधांनंतर मूत्रपिंडाचा एक विशिष्ट आजार होतो, लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, आणि औषध थांबवल्यावर तो पुष्कळांत ओसरतो. भातकुली, दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार घराघरांत आहे. त्या भागात ‘किडनी साफ करणारे’ चूर्ण विकणे हा गुन्हाच मानायला हवा. क्रिएटिनिन न तपासता भस्म देणारा वैद्यही आमच्या लेखी त्यातच मोडतो.

कायदा आहे. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा. मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, कर्करोग, पक्षाघात यांच्यासह ५४ विकार बरे करण्याच्या जाहिराती तो थेट मना करतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतो. नियम १७० गेला तरी हा कायदा जागेवर आहे. अन्न व औषध प्रशासनाने अमरावती विभागात या कायद्याखाली यंदा किती गुन्हे नोंदवले, हे पालकमंत्र्यांनी जाहीर करावे. पूर्वमंजुरीचे दार मोडले असताना मागाहून पकडण्याचे हातही बांधलेले असतील, तर मग रुग्णाने पाहायचे कुणाकडे?

वृत्तपत्रांनीही हा प्रश्न टाळू नये. पहिल्या पानावर लकवा लागलेल्यांची बातमी आणि आतल्या पानावर ‘शुगरपासून कायमची मुक्ती’ची चौकट, हे आमच्या व्यवसायाने वर्षानुवर्षे चालू दिले आहे. जाहिरातीचा पैसा आम्ही घेतो आणि तिची किंमत वाचकाचे मूत्रपिंड मोजते. मंजुरीचा क्रमांक मागण्याची सक्ती गेली, म्हणून पुरावा मागण्याची जबाबदारी गेली नाही.

डॉक्टरांशीही थोडे बोलायचे आहे. रुग्ण पुडी लपवतो, कारण सांगितले की ओरडा बसतो. ‘कशाला आलात मग इथं, जा त्या वैद्याकडे’, हे वाक्य ऐकून परतलेला माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही. याउलट, ‘आधी त्या गोळ्या बंद करा, मग माझं औषध लागू पडेल’ असे म्हणणारा वैद्य रुग्णाला दरीच्या काठावर नेऊन सोडतो. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन बंद करायला सांगणे म्हणजे त्याला काही दिवसांत अतिदक्षता विभागात पाठवणे आहे. अपस्माराची, दम्याची, हृदयाची गोळी एका रात्रीत बंद करायला सांगणाऱ्यावर कारवाई झाली पाहिजे, मग त्याच्या दारावर पाटी कुठल्याही शास्त्राची असो.

आणि आयुर्वेद विरुद्ध इंग्रजी औषध हे भांडण गावपातळीवर मुळात खोटे आहे. महाराष्ट्रातल्या आरोग्य उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बसलेले कितीतरी जण बीएएमएस आहेत. १०८ च्या गाडीतला डॉक्टर बहुधा बीएएमएसच असतो. म्हणजे नांदगाव तालुक्यातल्या बाईला रक्तदाबाची गोळी हातावर ठेवणारा आयुर्वेदाचाच पदवीधर असण्याची शक्यता दांडगी. दोन्ही भाषा येणारा माणूस सरकारने गावात आणून बसवला आहे आणि त्याच्याकडून रजिस्टर भरून घेण्याचे काम तेवढे करून घेतले जाते. बीपी-शुगरच्या कार्डावर ‘इतर कोणती औषधे चालू आहेत’ अशी एक ओळ छापायला जिल्हा परिषदेला दिल्लीची परवानगी लागत नाही. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी राष्ट्रीय यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. उपकेंद्रातून तिथपर्यंत एक कागद गेला पाहिजे, आणि तो पाठवणाऱ्याला जाब विचारला जाणार नाही, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी लेखी कळवले पाहिजे.

पोळ्यानंतर तपासणीसाठी आलेल्या प्रत्येकाला ग्रामीण रुग्णालयात एकच सांगावे : माय, पिशवी टेबलावर रिकामी कर. गोळीची पट्टी, चूर्णाचा डबा, काढ्याची बाटली, कागदातली पुडी, सगळे. कुणी रागावणार नाही.