भावाला जामीन कोण?

यहुदी धर्मग्रंथ तोराचा पहिला ग्रंथ, उत्पत्ती, भाऊबंदकीने भरलेला आहे. काइन हाबेलचा जीव घेतो, याकोब आंधळ्या बापाला फसवून एसावचा आशीर्वाद लाटतो, योसेफ २० रुप्यांना विकला जातो. या कथा मत्सराचे दुष्परिणाम सांगतात, असे सहसा मानले जाते. मला त्यांचा रोख निराळा वाटतो. भावांचे वैर प्रेमाच्या उमाळ्याने मिटत नाही. एकाने दुसऱ्याचा भार अंगावर घेतला, तरच मिटते. हाबेल कुठे आहे, या देवाच्या प्रश्नावर काइन, आपण काय भावाचे राखणदार आहोत, असे उलट विचारतो. त्याचे उत्तर ग्रंथाच्या शेवटाकडे योसेफाचा भाऊ यहूदा देतो. योसेफाला विकायची कल्पना त्याचीच. पण धाकट्या बन्यामीनसाठी तोच बापाला जामीन राहतो आणि मिसरात त्याच्या जागी गुलाम व्हायला पुढे होतो. तेव्हा कुठे योसेफ भावांना आपली ओळख देतो.

पुढच्या इतिहासात जिथे असा जामीन मिळाला नाही, तिथे घर बुडाले. इ.स.पू. ६७ मध्ये यहुद्यांची राणी शलोमी अलेक्झांड्रा वारली आणि हिर्कानस व अरिस्तोबुलस हे तिचे मुलगे गादीसाठी लढले. दोघांनीही रोमन सेनापती पाँपेकडे दाद मागितली. इ.स.पू. ६३ मध्ये हिर्कानसच्या माणसांनी पाँपेला जेरुसलेमचे दरवाजे उघडून दिले आणि यहुदी स्वातंत्र्य संपले. इ.स. ७० च्या रोमन वेढ्याच्या तोंडावर शहरातल्या गटांनी एकमेकांचे धान्याचे साठे जाळले. रोमने हा प्रदेश एरवीही गिळलाच असता, असा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. तरीही त्या वेढ्यात झालेल्या दुसऱ्या मंदिराच्या नाशाचे कारण तालमूद हा यहुदी धर्मशास्त्राचा ग्रंथ रोमच्या बळात शोधत नाही, आपल्यातल्या अकारण द्वेषात शोधतो. रोमला आवरणे हातात नव्हते. स्वतःला आवरणे होते. जून १९४८ मध्ये हे दिसले. इस्रायलच्या बेन-गुरियन सरकारच्या सैन्याने इर्गुन या सशस्त्र संघटनेच्या ‘अल्तालेना’ या शस्त्रवाहू जहाजावर गोळीबार केला. इर्गुनचे १६ जण आणि ३ सैनिक मेले. तरीही इर्गुनचे नेते मेनाखेम बेगिन यांनी आपल्या सशस्त्र माणसांना यादवी युद्धापासून रोखले. उलट, ४ नोव्हेंबर १९९५ रोजी इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्यावर गोळ्या झाडणारा हात यहुद्याचाच होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ऐक्याचा धोशा दुबळ्याला गप्प बसवण्यासाठीच लावला जातो. तसे घडतेही. पण हिल्लेल आणि शम्माई या यहुदी धर्मगुरूंच्या पंथांत विवाहाच्या नियमांवरून तीव्र मतभेद होते, तरी त्यांनी आपसातली सोयरीक तोडली नाही, अशी नोंद मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात आहे. वाद आणि नाते एकत्र नांदू शकतात. मूळच्या कोकणातल्या आणि इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल समाजाच्या यहुदीपणावर १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, त्यांच्या विवाहांत अडथळे आणले. ते गप्प बसले असते, तर अन्याय टिकला असता. त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. म्हणून जामीन राहायची जबाबदारी दुखावलेल्या भावाची नाही. ज्याच्या हाती इजा करायची ताकद आहे, त्याची ती आहे. यहूदाच्या हाती ती ताकद होती, त्याने ती एकदा वापरलीही, आणि मग तोच जामीन राहिला. ‘यहुदी’ हे नाव या समाजाला मिळाले, ते त्याच यहूदावरून.