ऑटोकन्स्ट्रेन आलं, मग स्केच शिकायचं कशाला?

ऑटोडेस्कच्या फ्यूजन सॉफ्टवेअरमध्ये आता ऑटोकन्स्ट्रेन नावाचं एआय फीचर आहे. तुम्ही आकृती काढा, तिच्यावरच्या अटी आणि मापं ते स्वतः सुचवतं. साहजिकच डिप्लोमा किंवा आयटीआय करणाऱ्या मुलांना प्रश्न पडतो: मग आपण कॅड शिकून करायचं काय?

आधी या अटी म्हणजे काय ते बघू. उदाहरण जालन्याचंच घेऊ. इथल्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये लालबुंद लोखंड रोलच्या खाचांमधून जातं. आलटून पालटून लंबगोल आणि गोल खाच, असं करत शेवटी सळई तयार होते. समजा अशी एक लंबगोल खाच काढायची आहे, म्हणजे वर्तुळाचा एक कंस. (पुढचे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत.)

कॉम्प्युटरसाठी कंस म्हणजे पाच अज्ञात संख्या: केंद्राच्या दोन, त्रिज्या आणि दोन टोकांचे दोन कोन. आता अटी घाला. दोन्ही टोकं आडव्या रेषेवर हवीत, झाल्या दोन. मधल्या रेषेपासून ती सारख्या अंतरावर, तीन. रुंदी २० मिमी, चार. खोली ४ मिमी, पाच. हिशोब जुळला! फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होतं. त्रिज्या तुम्ही दिलीच नाही, तरी ती १४.५ मिमी निघते.

हे गणित सोडवणाऱ्या भागाला सॉल्व्हर म्हणतात. कल्पना जुनी आहे, १९६३ मध्ये एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी स्केचपॅडमध्ये ती करून दाखवली होती. आजचे सॉल्व्हर बहुतेक वेळा तुमच्या कच्च्या आकृतीपासून सुरुवात करतात आणि थोडं थोडं सरकत जवळचं उत्तर शोधतात. गंमत म्हणजे उत्तरं अनेक असू शकतात. आपला कंस खाली वळला काय किंवा वर वळला काय, गणिताला दोन्ही मान्य! म्हणूनच एखादं माप एकदम खूप बदललं की आकृती कधी कधी उलटी होऊन बसते.

आता खरा मुद्दा. उद्या साहेब म्हणाले, खोली ५ करा. रुंदी पक्की ठेवली असेल तर त्रिज्या आपोआप १२.५ होईल. त्याऐवजी त्रिज्या १४.५ पक्की असेल तर रुंदी साधारण २१.९ होईल. दोन्ही स्केच हिरवी आणि दोन्ही गणितं बरोबर. पण लेथवर खाच कापायचं टूल १४.५ च्या त्रिज्येला घासून ठेवलेलं असेल, तर पहिलं ड्रॉईंग कामाचं नाही. ऑटोकन्स्ट्रेनला समोरची आकृती दिसते, लेथवरचं टूल दिसत नाही. ४ खोलीच्या आकृतीत रुंदी २० आणि त्रिज्या १४.५ ही दोन्ही मापं खरीच आहेत. त्यातलं पक्कं कोणतं धरायचं, हे त्याला कोण सांगणार? मला विचाराल तर एआय टाइमपास नाही, कंटाळवाणं काम ते खरंच वाचवतं. पण पगार मिळतो तो याच निवडीचा.

शिकायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, क्रॅक व्हर्जन तर नकोच. फ्रीकॅड पूर्ण मोफत आणि मुक्त आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. लॅपटॉप नसेल तर ऑनशेप मोबाईलवर चालतं. फक्त त्याच्या मोफत खात्यातली ड्रॉईंग सगळ्यांना दिसतात, त्यामुळे कारखान्याचं काम तिथे टाकू नका.

करून बघा: फ्रीकॅडमध्ये वरचा कंस काढा आणि पाच अटी झाल्यावर सहावी म्हणून त्रिज्या १५ द्या. सॉल्व्हर लगेच तक्रार करेल की अटी एकमेकींशी भांडतायत. मग १४.५ देऊन बघा. आता भांडण नाही, पण तो म्हणेल ही अट जादा आहे. त्रिज्या नुसती वाचायला हवी असेल तर ते माप रेफरन्स करा. आणि त्रिज्याच पक्की हवी असेल, तर आधी रुंदीची अट काढा.