डोंगरातील वसतिगृह कोणासाठी?

उन्हाळ्याच्या सुटीत पांचगणीस जाऊन आलेली मंडळी तेथील हवेइतकीच तेथील निवासी शाळांचीही वाखाणणी करतात. ‘मुलाला अशाच शाळेत घालावे, म्हणजे त्याला वळण लागेल,’ हा विचार पाणीगेटच्या घरांतही बोलून दाखविला जातो. त्याची थोडी छाननी करणे अगत्याचे वाटते.

पांचगणीत अशा शाळा प्रथम निघाल्या त्या इंग्रज अमदानीत. मैदानी मुलखाचा उन्हाळा गोऱ्या मुलांना सोसेना, म्हणून सुमारे चार हजार फूट उंचीवर त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. मुलांसाठीची सेंट पीटर्स शाळा त्यांपैकीच. १९२२ साली तेथेच संजीवन विद्यालय निघाले. पहाटे उठणे, आपले काम आपण करणे, चार प्रांतांच्या मुलांशी मिळून मिसळून राहणे हे अशा शाळांतील गुण निःसंशय मोलाचे आहेत.

परंतु डोंगरातील वसतिगृहाचा दुसरा एक आदर्श आपल्या बडोद्याच्याच इतिहासात आहे. सोनगढचा डोंगरी किल्ला हे पिलाजीराव गायकवाडांचे आद्य ठाणे. त्याच सोनगढला श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८८५ च्या सुमारास रानावनातील आदिवासी मुलांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या राहण्या-जेवण्याचा भार संस्थानाने उचलला. ज्या डोंगराच्या आश्रयाने राज्य उभे राहिले, त्या डोंगरातील लेकरांचे ऋण जणू फेडले गेले. पुढे १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात व १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले.

पांचगणीस मुले हवेसाठी गेली. सोनगढला मुले आली, कारण त्यांच्या पाड्यात शाळाच नव्हती. आईपासून दूर राहण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच. मात्र ते सोसण्याचे कारण सोनगढला अधिक सबळ होते. म्हणून, माझ्या मते, वसतिगृहाची थोरवी त्याच्या उंचीवरून किंवा शुल्कावरून ठरवू नये. त्याचे दार कोणासाठी उघडले, यावरून ठरवावी.

ज्याच्या घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर आहे, त्याने वळण लागावे म्हणून डोंगर चढण्याचे कारण नाही. अंथरुणाची घडी स्वतः घालणे, आपले ताट आपण घासणे, हे पाणीगेटच्या वाड्यातही साधते. विद्यार्थिमित्रांनो, स्वावलंबन घरीच शिका. आणि पालकांनो, पदरी चार पैसे शिल्लक राहिले, तर ज्याला वसतिगृहावाचून शिक्षणच नाही, अशा एखाद्या मुलाच्या पाठीशी उभे राहा.