‘कळवतो’ म्हणालात ना, मग नकारही कळवा!

मुलाखत संपते. एचआरकडून एकच शब्द येतो, ‘कळवतो’. त्यानंतर ना फोन, ना मेल. पिंपळे सौदागरला फ्लॅट शेअर करून राहणाऱ्या आणि हिंजवडी-चाकणमध्ये नोकरी शोधणाऱ्या तरुणांना हा अनुभव नवा नाही.

नकार कळवणं का गरजेचं?
उमेदवाराच्या हातात दुसरी ऑफर असते आणि तिची मुदत संपत आलेली असते. कुणाचा नोटीस पीरियड सुरू असतो, कुणाला पुढच्या महिन्याच्या भाड्याची सोय करायची असते. ‘नाही’ कळलं, तर पुढचा निर्णय घेता येतो.

कायदा काय सांगतो?
आपल्याकडे खासगी कंपनीवर असं कायदेशीर बंधन नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मात्र १ जानेवारी २०२६ पासून आहे. जाहिरात देऊन मुलाखती घेणाऱ्या, २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला निवडीचा निर्णय झाला की नाही, हे ४५ दिवसांत उमेदवाराला कळवावं लागतं.

नकार कसा द्यावा?
• आठवडाभरात कळवा. शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्याला फोन करा, इतरांना मेल चालेल.
• ‘प्रोफाइल होल्डवर आहे’ म्हणत आशेवर ठेवू नका.
• कारण कामाशी जोडलेलं द्या. उदा. ‘पीएलसी प्रोग्रामिंगचा अनुभव हवा होता.’ वय, लग्न, गाव यावर शेरा नको.
• पुन्हा बोलावणार असाल, तरच तसं लिहा.

लग्नाच्या स्थळालाही ‘योग नाही’ असा निरोप जातो. सुट्टी टाकून, पदरचे पैसे घालून आलेल्या उमेदवाराला दोन ओळींचा मेल मिळायलाच हवा.