कोनशिला म्हणजे इतिहास नव्हे

आमच्या वऱ्हाडात एखाद्या इमारतीचा इतिहास विचारावा, तर विचारणाऱ्यास कोनशिलेकडे बोट दाखविण्यात येते. तीवर उद्घाटकाचे नाव ठळक, तारीख त्याहून बारीक. आणि नकाशा आखणारा, पाया भरणारा, विटा रचणारा गवंडी यांचा बहुधा उल्लेखही नसतो. इतर इमारतींच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. परंतु जेथे बांधकामाचीच विद्या शिकवावयाची, त्या इंजिनियरिंग कॉलेजाच्या वास्तूची हकीकत कोनशिलेवर सोपवून स्वस्थ बसणे, हा आमच्या मते त्या विद्येचाच अपमान होय.

कोनशिला काय सांगत नाही, ते पाहावे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1854 साली पुण्यास इंजिनियरिंगचा वर्ग उघडला आणि 1865 साली तेथील मुख्य इमारतीची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बसली. ती संस्था 2022 साली स्वतंत्र विद्यापीठ झाली. इकडे 1867 पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास रूळ पोहोचले व आमचा कापूस मुंबईस जलद जाऊ लागला. मागोमाग सरकी काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखानेही आले. यंत्रे आली, पण यंत्रांची विद्या आली नाही. अमरावतीस 1923 साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले, परंतु ते इंजिनियरिंगचे नव्हे. मध्यप्रांत-वऱ्हाडास इंजिनियरिंग कॉलेज लाभले ते 1947 साली, आणि तेही जबलपुरास! 1956 साली राज्यरचना बदलली. वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. नागपुरास त्याच 1956 साली व पुढे अमरावतीस 1964 साली सरकारी इंजिनियरिंग कॉलेज निघाले. पुण्याच्या वर्गापासून मोजल्यास मधे एकशे दहा वर्षे गेली.

हे आम्ही रडगाणे म्हणून सांगत नाही. कोनशिला वाचणाऱ्यास वाटते की, कोणा थोर पुरुषाने कृपाळू होऊन ही वास्तू आम्हांस दिली. वस्तुतः ते फार थकलेल्या देण्याची फेड होती. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 1969 साली स्थापन झाले. त्यापूर्वी 1967 साली वैदर्भीय जनतेस त्यासाठी आंदोलन करावे लागले होते. ज्या पिढीस हे ठाऊक नाही ती आपला हक्क उपकार समजून घेईल, आणि उपकाराबद्दल जाब कोण विचारतो?

यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, "इतिहास उगाळून काय मिळावयाचे? इमारत उभी आहे ना?" त्यांस आमचे उत्तर असे की, ती कशावर उभी आहे हे आपणांस ठाऊक आहे काय? पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते व तिला हात हात भेगा पडतात. तीवर बेताच्या पायाने उभारलेली भिंत ऋतूगणिक हलते आणि तिरकस तडकते. अशा मातीसाठी तळाशी फुगीर केलेले पायाचे खांब रुडकीच्या संशोधकांनी प्रचारात आणले. परंतु आपल्याच आवारात पाया किती खोल गेला, मुरूम कोठे लागला, कोणती भिंत कोणत्या साली तडकली व ती कशी सांधली, याची टिपणे नसतील, तर विद्यार्थ्याने ही माती कोठे शिकावी? परदेशी पुस्तकात अकोल्याची जमीन सापडत नाही. जुन्या खांबांवर मजला चढवावयाचा झाल्यास मूळचा हिशोब हवा. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीस अज्ञानाने सिमेंटचा गिलावा चढविला, की ओल आत कोंडून भिंत पोखरते. अशा दुरुस्तीचा खर्च अखेर आपल्याच करातून निघतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो तर मुळीच टिकत नाही. कागद, फीत आणि वर्षभराची चिकाटी एवढेच येथे भांडवल लागते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपली इमारत मोजावी, तिचे तडे नोंदवावे, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरातील नकाशे मिळवावे, हयात असलेल्या गवंड्यांस व मिस्त्रींस बोलते करावे आणि हे सारे मराठीत लिहून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवावे. पुढील तुकडीने त्यात भर घालावी. अमरावतीस 1983 पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. त्याने या कामास परीक्षेत गुण द्यावे, म्हणजे ते टाळले जाणार नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली या कॉलेजांतून शिकत असतील. प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह विचारतो, नोकरीची हमी विचारतो. यापुढे तेथील अध्यापकांस आणखी एक प्रश्न विचारावा: या इमारतीचा पाया किती खोल आहे? उत्तर न मिळाल्यास ते शोधण्याचे काम आपल्याच मुलांकडे सोपवावे, असा आग्रह धरावा.