पुटपुटणाऱ्या मुलांना गप्प करू नका

बालवाडीत ठोकळे रचताना मुलं स्वतःशीच बोलतात. "हा इथे... नको, पडेल... मोठा आण." पालकसभेत हमखास कुणीतरी विचारतं, "बाई, हा एकटाच बडबडतो, काही दोष तर नाही ना?" नाही हो! ही बडबड हळूहळू आत वळते आणि मनातलं बोलणं होते, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३४ सालीच मांडलंय.

आणि मुलं बोलायला शिकतात ती आजूबाजूच्यांकडून, म्हणजे आतला आवाज घडतो तो त्यांच्याच बोलण्यातून. माझ्या आत अजून आत्याच बोलते. पोळी करपली की हजर, "एवढंही जमू नये?" हाकलून पाहिलं, जात नाही. हल्ली मी उत्तर देते, "आत्या, तवा जास्त तापला होता, एवढंच." मग जरा नरमते. रामदासांनीही २०५ मनाचे श्लोक रचले, त्यांत मनाला झोडपण्यापेक्षा समजावणंच जास्त. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस तर म्हणतात, ताणाच्या वेळी स्वतःला नावाने हाक मारून बोला, थोडं अंतर मिळतं. करून पाहावं, फक्त भरल्या लोकलमध्ये मोठ्याने नको.

पण खरी जबाबदारी आपली, मोठ्यांची. दूध सांडल्यावर तुम्ही जे बोलता, तेच पोर पुढे स्वतःला ऐकवणार. वर्गात "गप्प बसून कर" म्हणणं मी बंद केलंय. शेजारच्या वर्गातल्या बाई कुरकुरतात, कुरकुरू देत.