कान, पंगत आणि स्मृति

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत, क्रोधापासून निघणाऱ्या अनर्थपरंपरेंत आला आहे. वैद्यकशास्त्र आज ज्यास या नांवानें संबोधितें तो मात्र मेंदूचा विकार असून, शांतवृत्तीच्या मनुष्यासहि तो सोडीत नाहीं. तथापि ‘म्हातारपण म्हटलें कीं हें आलेंच’ असें म्हणून स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं या विकाराचीं टाळतां येण्याजोगीं १४ कारणें सांगितलीं. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकलकोंडेपणा हीं त्यांतलींच. या सर्वांचा बंदोबस्त झाल्यास जगांतील सुमारें ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळूं अथवा लांबूं शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांतील एका कारणाकडे आमच्या भरल्या घरांत हमखास दुर्लक्ष होतें. तें म्हणजे मंदावलेली श्रवणशक्ति.

माझे वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, सत्तरी उलटल्यावर हळूहळू अबोल झाले. रात्रीच्या पंगतींत सर्व हसले कीं ते मागाहून हसत. ‘काय म्हणाला रे तो?’ असें त्यांनीं विचारलें कीं ‘कांहीं नाहीं, दादा’ असें उत्तर मिळे. आणि तें देणारांत मी पहिला असें. पुढें ते आपलें ताट खोलींतच मागवूं लागले. आम्हांस वाटलें, दादांस विरक्ति आली! एके दिवशीं माझी धाकटी नात म्हणाली, ‘मोठे आजोबा विचारलेल्याचें उत्तर देत नाहींत, न विचारलेल्याचें देतात.’ आम्हां शहाण्यांस जें वर्षभर उमगलें नाहीं तें तिला उमगलें.

कान अधू झाला म्हणजे दोन गोष्टी घडतात, असें जाणते मानितात. मेंदूस होणारा शब्दांचा पुरवठा घटतो. आणि अर्धवट ऐकलेलें जुळविण्याच्या श्रमास कंटाळून मनुष्य चारचौघांतून उठून जातो. अमेरिकेंत ९७७ वृद्धांवर तीन वर्षें चाललेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. श्रवणयंत्रानें सरसकट सर्वांस लाभ झाल्याचें त्यांत दिसलें नाहीं; परंतु ज्यांस धोका मुळांतच अधिक होता, त्यांच्या बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्यानें मंदावली. हा लाभ थोडका नव्हे.

दादा प्रथम यंत्रास तयार होईनात. ‘वार्धक्याची पाटी कानास कशाला?’ असें म्हणाले. मीं म्हटलें, ‘दादा, चष्म्याची पाटी तर तुम्ही चाळीस वर्षें नाकावर मिरवितां!’ त्यावर ते म्हणाले, ‘मग आधीं तूं आपले कान तपासून घे.’ घेतले, आणि माझा उजवा कान मंद निघाला. आतां आम्ही दोघेहि बंधु यंत्र लावून पंगतीस बसतों.

वाचकहो, साठी उलटलेल्या वडील माणसांचे कान एकदां तपासून घ्यावे. त्यांच्याशीं समोर बसून, सावकाश, एकेकानें बोलावें, ओरडूं नये. आणि त्यांनीं ‘काय झालें?’ असें विचारल्यास ‘कांहीं नाहीं’ हें उत्तर कधींहि देऊं नये. दादांचें तें एक वर्ष मला परत देतां येणार नाहीं, ही टोचणी माझ्या मनास राहिली आहे.